बोटाचा चार्ज

७ मार्च १९८३, सोमवार. उदगीर.

आले एकदाची. नांदेडहून सकाळी सातची एस.टी. धरली, ती मुखेडात तासभर पंक्चर होऊन बसली, तरी दुपारी बाराच्या सुमारास उदगिरात उतरले. आई म्हणत होती, दुष्काळाला कंटाळून माणसं गावं सोडून चाललीत आणि ही बया दुष्काळातलंच गाव हुडकून नोकरी धरते. धरली तर धरली. चोवीस वर्षांची झाले, एक्स-रे टेक्निशियनची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले आणि आता माझ्या ताब्यात एक मशीन आहे. दातांचं का असेना, माझं आहे.

दवाखाना धर्मादाय आहे. इथले धान्याचे अडते गुरुपादप्पा यांनी वडिलांच्या नावानं काढलेला. दारात पेंटर शिडीवर चढून भिंतीवरची पाटी बदलत होता. गेल्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला, पण इथं ‘जि. उस्मानाबाद’ तसंच राहून गेलं होतं. चुन्याचे दोन हात दिले तरी खालचं उस्मानाबाद दिसतंच आहे. मी म्हटलं, तिसरा हात द्या. तो म्हणाला, चुना कालवायला पाणी तुम्ही देता का. पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले, पण माणूस आवडला.

डॉक्टर अमृतराव पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. आया धुरपताबाई दोघांच्या वाटचं बोलतात, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो. टँकर दिवसाआड येतो. डार्करूमला रोज दोन बादल्या मिळणार आणि फिल्म धुतलेलं पाणी धुरपताबाई फरशी पुसायला नेणार, असं ठरलं. राहायला दवाखान्याच्या मागचीच खोली आहे, खिडकीतून मशीन दिसतं.

चार्जलिस्टवर सही केली. मशीन एक, खुर्ची एक, शिशाचा एप्रन एक, फिल्म वाळवायचे हँगर बारा. ‘चार्ज घेणार’ खाली माझी सही, ‘चार्ज देणार’ खाली कोरं. आधीचे टेक्निशियन कुठे म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले की ते तब्येतीमुळे घरी बसले, चार्ज द्यायला आलेच नाहीत, तुम्ही करा सही. केली. झोकदार केली.

९ मार्च, बुधवार.

इथं दात असलेले पेशंट कमी आणि नसलेलेच जास्त. डॉक्टर म्हणतात, खोल बोअरच्या पाण्यानं दात पिवळे पडतात, मग जातात. दुष्काळ वाढला तशा बोअरीही खोल गेल्या. दवाखाना फुकट कवळी बसवून देतो, पण त्याआधी हिरडीत एखादं मूळ मोडून राहिलंय का ते बघावं लागतं. ते बघायला मी.

दात असले की सोपं असतं. फिल्मचं छोटं पाकीट होल्डरला लावायचं आणि पेशंटनं होल्डर दातांत धरायचा. दातच नसले तर तो कशात धरणार? नुसत्या हिरड्या मिटल्या की तोंड नको तेवढं मिटतं आणि फिल्म वाकडी बसते. म्हणून कापसाच्या घट्ट गुंडाळ्या करायच्या, होल्डरच्या वर-खाली ठेवायच्या, म्हणजे गेलेल्या दातांची उंची भरून निघते. मग डोकं सरळ, हात मांडीवर, आणि हलकेच मिटायला सांगायचं. पेशंटच्या तोंडात फिल्म धरायला स्वतःचं बोट घालायचं नाही, कधीच नाही, हे आमच्या सरांनी पहिल्या तासाला शिकवलं होतं. दिवसाला वीस पेशंट म्हणजे बोटाला वीस वेळा किरण. पुढे काय होतं त्याचे फोटोही दाखवले होते. दोघी मुली वर्गाबाहेर गेल्या, मी बसून राहिले.

आज पहिले बिनदाताचे पेशंट आले, वीरण्णा नावाचे आजोबा. मी आडभिंतीमागे गेले, बटण दाबलं, परत आले. तोंड पुसत ते म्हणाले, “बाई, तुमचं बोट लई गार हाय.”

मी हसले. म्हटलं, आजोबा, तो कापूस होता, माझं बोट बटणावर होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मीच भोळी.

१० मार्च, गुरुवार.

वीरण्णांची फिल्म वाळली. जबडा स्पष्ट आला आहे आणि जबड्यावर आडवं एक बोट. टोकाचं हाड, सांधा, मधलं हाड. म्हातारबुवांनी माझी पाठ वळल्यावर आपलंच बोट तोंडात घातलं असणार, आणि वर मला सांगतात गार आहे. चांगलेच वस्ताद निघाले.

१४ मार्च, सोमवार.

आज बिनदाताचे चार, दात असलेले दोन. दातवाल्यांच्या फिल्म आरशासारख्या स्वच्छ. बिनदाताच्या चारही फिल्मवर बोट.

चौघांचे हात मांडीवर होते, मी बघत होते. शनिवारी वाटलं होतं की वापरलेल्या पाण्यात फिल्म धुतल्यानं जुना डाग उतरत असेल. म्हणून आज पहिली बादली फक्त फिल्मला वापरली आणि धुरपताबाईंची बोलणी खाल्ली. उपयोग शून्य. फिल्मचं नवं खोकं फोडलं, तेच. चौघांची वयं वेगळी, जबडे वेगळे, बोट मात्र एकच. टोकाच्या हाडाची एक कड कुरतडल्यासारखी आहे, ती चौघांत सारखी.

मी घाबरलेले नाही. चिडलेले आहे. माझ्या कामात कुणी बोट घातलेलं मला चालत नाही.

१८ मार्च, शुक्रवार.

गुरम्मा आल्या. साठीच्या, देवणीकडच्या एका खेड्यातल्या, कानडी जास्त आणि मराठी कमी. सोबत सून नीलम्मा. डाव्या गालाखाली लिंबाएवढी गाठ, महिन्यात वाढलेली. डॉक्टरांनी दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. आत एखादं मूळ सडलं असेल तर ते इथंच काढतील. पण हाडच पोखरत चाललं असेल तर नांदेडला मोठ्या सर्जनकडे पाठवावं लागेल, आणि वेळेत पाठवावं लागेल. ते कळायला फिल्म हवी.

एक्स-रेला दागिने काढायला सांगतात, तसं मी सांगितलं. त्यांनी डोरलं काढून सुनेच्या हातात दिलं, पण गळ्यातल्या करडीवर, लिंगाच्या चांदीच्या डबीवर, हात ठेवून मान हलवली. म्हटलं, राहू द्या, ते जबड्याच्या आड येत नाही, आणि वरून शिशाचा एप्रन घातला. त्या माझ्या गालावरून हात फिरवून काहीतरी पुटपुटल्या. आवडली मला बाई.

कापूस लावला, डोकं सरळ केलं, बटण दाबलं. परत आले तर त्या तोंडाकडे दाखवत म्हणत होत्या, बेरळु, बेरळु. नीलम्मानं अर्थ सांगितला. बोट.

फिल्मवर बोट बरोबर गाठीवर आलंय. खाली काय आहे, ते काही दिसत नाही.

१९ मार्च, शनिवार.

गुरम्मांची दुसरी फिल्म घेतली. कोन बदलला, फिल्म मागे सरकवली. बोटही मागे सरकलं. फिल्म माझ्या अंदाजापेक्षा घट्ट बसली होती, जणू कुणी जीव लावून धरली होती.

२१ मार्च, सोमवार.

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. फिल्म खिडकीशी धरून विचारलं, हे काय आहे. माझं बोट आहे असा त्यांचा समज. शिकलेली मुलगी असून तोंडात बोट घालून फिल्म धरते, हा शॉर्टकट इथं चालणार नाही, आणखी एक फिल्म अशी निघाली तर नांदेडला परत जा म्हणाले.

मला असा राग आला की डोळ्यात पाणी आलं, आणि पाणी आलं याचाही राग आला. मी सांगितलं, चला, समोर उभे राहा. बाहेर एक बिनदाताचे काका बसले होते, त्यांना खुर्चीत घेतलं. त्यांचे दोन्ही हात धुरपताबाईंनी धरले. माझे दोन्ही हात मी डॉक्टरांच्या हातात दिले. बटण त्यांनीच अंगठ्यानं दाबलं. मग तिघं डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभे राहिलो आणि ट्रेमधल्या फिल्मवर बोट हळूहळू उमटत गेलं.

डॉक्टरांनी फिल्म ट्रेमध्येच सोडली. मग पुन्हा पुन्हा हात धूत राहिले, माझी अख्खी बादली संपवली.

२२ मार्च, मंगळवार.

धुरपताबाईंना पेचात पकडलं. बोलघेवडी बाई इतके दिवस नेमकं हेच बोलली नव्हती.

आधीचे टेक्निशियन ग्यानोबा, मुखेडचे. चौदा वर्षं या मशीनवर. बिनदाताच्या म्हाताऱ्यांचे हात थरथरायचे, फिल्म हलायची, म्हणून ते आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात घालून फिल्म धरायचे. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. लांब लांबून माणसं यायची. ग्यानोबानं बोट लावलं की फिल्म हलत नाही, असा नावलौकिक होता. आधी नख काळं पडलं, मग जखम झाली, ती भरलीच नाही. गेल्या वर्षी सोलापूरला नेऊन बोट मुळापासून काढलं.

गेल्या वर्षी काढलं. म्हणजे ते बोट आता नाहीच.

डॉक्टरांनी लातूरला चौकशी केली. तिथं दातांचं मशीन अजून यायचंय. नांदेडला डोक्याची मोठी फिल्म निघते, पण तिच्यावर जबड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर येतात. सर्जन म्हणतात, छोटी स्वच्छ फिल्म आणल्याशिवाय मी हाडाला हात लावणार नाही. ते महिन्यातून एकदा येतात, शेवटच्या गुरुवारी. हा गुरुवार ३१ तारखेचा. पुढचा एप्रिलअखेर, आणि तोवर गुरम्मा थांबू शकणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

२७ मार्च, रविवार.

मुखेडला जाऊन आले. भूत असो की आणखी काही, समोर बसून जाब विचारायचा, असं ठरवून गेले होते.

ग्यानोबा ओसरीवर बसले होते. वाळलेला माणूस, पण डोळे मायाळू. उजव्या हाताला चारच बोटं, आणि जिथं पाचवं नाही ती रिकामी जागा ते पंचानं सारखी पुसत होते. बायको म्हणाली, दिवसभर पुसतात, जेवण जात नाही. मी काही सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं. नऊ तारखेला एक, चौदाला चार, एकवीसला हात धरलेला तो काका. मग म्हणाले, एका म्हातारीच्या डाव्या गालात खाली गाठ आहे, आतून मऊ लागते, रोज थोडी मोठी लागते.

मी लहान पोरासारखी रडेन असं वाटलं. रडले नाही. विचारलं, ते निघत का नाही.

“बोट गेलं न्हाई, बाई. कामावर हाय. चार्ज कुणाला दिलाच न्हाई मी. तुम्ही घेतला की सुटल.”

कसा घ्यायचा, हे त्यांनी सांगितलं. एकदाच, त्याच खुर्चीत, बिनदाताच्या तोंडात, त्याच्या शेजारी आपलं बोट लावायचं.

मी ताडकन उठले. म्हटलं, मी मशीनचा चार्ज घेतलाय, तुमच्या चुकीचा नाही. शिकवलेलं असून स्वतःचं बोट घालायला मी काय खुळी आहे? ते मान हलवत राहिले, चूक माझीच हाय, म्हणाले, नका घेऊ. त्यांनी गळ घातली असती तर मला नाही म्हणायला सोपं गेलं असतं. तसं काही केलं नाही. मी निघाले तेव्हा ते पुन्हा पुसत होते.

२८ मार्च, सोमवार.

गुरम्मांच्या तोंडात होल्डर घट्ट बांधूनच टाकला, पट्टीनं, डोक्याभोवती. बोट आलंच.

खुर्चीवरची कातडी फाडून नवी घातली. मशीनचं तोंड स्पिरिटनं पुसलं. गुरुपादप्पांनी जंगम स्वामींना बोलावून विभूती लावली. माझा विश्वास नाही, पण मी आडवीही आले नाही. फिल्मवर बोट. शेवटी दार लावून मोकळ्या खुर्चीला खच्चून शिव्या दिल्या, नांदेडच्या स्टेशनवर हमालांकडून ऐकलेल्या सगळ्या. बरं वाटलं. फरक काही पडला नाही.

२९ मार्च, मंगळवार.

गाठ आता कानापर्यंत. गुरम्मांना पाणीही गिळवत नाही. आज त्या बसल्या बसल्या नीलम्माला घरचं सगळं समजावून सांगत होत्या, कोणती म्हैस कधी आटते ते. निरोप घ्यावा तसं.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. माझं बोट माझं आहे. मी कुणाचं काही देणं लागत नाही. तरी —

परवा गुरुवार.

३० मार्च, बुधवार.

केलं.

भीतीनं नाही केलं, हे लिहून ठेवते. कुणी भाग पाडलं म्हणूनही नाही. खुर्चीकडे बघून मोठ्यानं सांगितलं, एकदाच, आणि माझ्या मर्जीनं. धुरपताबाईंना आडभिंतीमागे बटणाशी उभं केलं. कापूस नाही, होल्डर नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट गुरम्मांच्या गालात घातलं आणि फिल्म दाबून धरली.

आत दुसरं होतं. गार. माझ्या बोटाला लागून. एस.टी.च्या बाकावर कुणी सरकून जागा द्यावी, तसं ते सरकलं, आणि गेलं.

फिल्म स्वच्छ. मोडकं मूळ, त्याच्याभोवती काळी गोल पोकळी, हाडाची कड अजून शाबूत. डॉक्टरांनी खुर्चीतून उठून माझी पाठ थोपटली. म्हणाले, वेळेत आहे, वाचतील. चिठ्ठी लिहिली, उद्या सातच्या एस.टी.नं नांदेड.

मग खोलीवर आल्यावर लक्षात आलं. बोट मी फिल्मवर दाबून धरलं होतं. त्याचं हाड फिल्मवर यायला हवं.

नाही आलं.

३१ मार्च, गुरुवार.

गुरम्मा सातच्या एस.टी.नं नांदेडला गेल्या. जाताना माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही.

दुपारी स्वतःच्या हाताची फिल्म घेतली. अंगठा आहे. मधलं, अनामिका, करंगळी आहे. पहिल्या बोटाच्या जागी काहीच नाही. कातडीचीसुद्धा सावली नाही. डोळ्यांनी बघते तर बोट जागेवर आहे, वाकतंय, पेन धरतंय.

१ एप्रिल, शुक्रवार.

नांदेडहून दवाखान्यात फोन आला. गाठ पूर्ण निघाली, हाड वाचलं. गुरम्मा पेज प्यायल्या. मी धुरपताबाईंना मिठी मारली.

मुखेडहून कंडक्टरच्या हाती निरोप आला. ग्यानोबा दोन भाकरी जेवले, दिवसभर गाढ झोपले. आनंद झाला. रागही आला.

आज तीन बिनदाताचे. कापूस लावून, नियमानं. तिन्ही फिल्मवर बोट. बारीक आहे, बाईचं.

तिन्ही वेळा मी आडभिंतीमागे होते आणि तिन्ही वेळा बोटाला हिरड्या लागल्या. ओल्या, मऊ. पुसलं. पुसते आहे.

२ एप्रिल, शनिवार.

ठरवलं. बिनदाताची फिल्म या खुर्चीत बंद. डॉक्टरांना सांगितलं, ते हो म्हणाले, त्यांनी का ते विचारलं नाही. सोमवारी मशीनची मुख्य तार मीच कापणार आहे. चार्जलिस्ट काढली आणि ‘चार्ज देणार’चा रकाना काट मारून खोडून टाकला. कुणी नवी पोरगी येईल, झोकदार सही करेल, आणि तिला हे — नाही. मी देणार नाही. माझ्यापाशीच संपेल.

आज एकही पेशंट नव्हता. तरी दोनदा —

३ एप्रिल, रविवार.

दुपारचे तीन. दवाखाना बंद. किल्ली माझ्या कमरेला. खिडकीतून बघून आले, खुर्ची रिकामी आहे.

डाव्या हातानं लिहिते. उजवा ओढला जातोय.

कुणीतरी तोंड मिटतंय. सावकाश. बोट काढायला बघते तर निघत नाही. ऐक, कोण असशील तो, मी ओरडणार नाही. हे दुसऱ्या कुणाला देणारही नाही. घे काय घ्यायचं ते, माझ्याकडूनच घे. गुरम्मा पेज पितात, तेवढं मी तुझ्या हातातून काढून —

हिरड्या मला आता कळतात. हिरड्या मऊ असतात, त्या नुसत्या दाबतात. हे दाबत नाही. या तोंडाला दात आ